मंग जेव

प्रश्न : बाई, जय ख्रिस्त. मी २४ वर्षांचा आहे. ऐरोलीला राहतो आणि ठाण्यात एका बॅक-ऑफिसात नाइट शिफ्ट करतो. मागच्या पावसाळ्यात आई गेली. त्या पहाटे दवाखान्याच्या जिन्यात बसून मी पवित्र आत्म्याला उद्देशून जे बोललो ते इथे लिहवत नाही. तेव्हापासून तेच शब्द आपोआप डोक्यात येतात. ट्रेनमध्ये येतात, जेवताना येतात आणि प्रभुभोजनाच्या वेळी तर हमखास येतात. चार महिने मी भाकर आणि प्याला घेतलेला नाही. मोबाइलवर एक उपदेशक सांगत होते की पवित्र आत्म्याची निंदा या एका पापाला या युगात क्षमा नाही आणि येणाऱ्या युगातही नाही. मग मी प्रार्थना तरी कशाला करू? – एक वाचक, ऐरोली

उत्तर : बाळा, आधी मला हे सांग, आई गेल्यापासून तू सलग झोपलास कधी? रात्रभर काम, दिवसा ऐरोलीतला उकाडा आणि घरात आता कोणी 'जेवलास का' विचारणारं नाही. तुझ्या पत्रात याबद्दल एक ओळही नाही. ती ओळ असती तर मला बरं वाटलं असतं.

आता त्या उपदेशकाकडे वळू. शब्द त्याने बरोबर सांगितले. बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात, १२व्या अध्यायात, ३२वं वचन आहे. पण मी ३१ वर्षं शाळेत मराठी शिकवलं, आणि उतारा मधूनच वाचून उत्तर लिहिणाऱ्या मुलाला कधी पूर्ण गुण दिले नाहीत. दहा ओळी वर जा. येशूने एका आंधळ्या-मुक्या माणसाला बरं केलं आहे. तो माणूस सगळ्यांसमोर बघतोय, बोलतोय. समोर धर्माची जाणकार मंडळी उभी आहेत. मत्तय त्यांना परूशी म्हणतो, मार्क म्हणतो यरुशलेमेहून आलेले शास्त्री. डोळ्यांदेखत एक माणूस मोकळा झाला आणि हे म्हणतात, हा बालजबुलाच्या, भुतांच्या सरदाराच्या जोरावर भुतं काढतो. त्यात कुणाचं दुःख नव्हतं, कुणाची आई गेली नव्हती. ते थंड डोक्याने चांगल्याला वाईट म्हणत होते, आणि गर्दीलाही तेच पटवत होते.

मार्कने तर या वचनाखाली खुलासाच जोडलाय. येशू असं का बोलला? कारण 'याला अशुद्ध आत्मा लागला आहे' असं ते म्हणत होते. 'म्हणाले' नव्हे, 'म्हणत होते'. माझे यजमान पाळक होते. त्यांचं ग्रीक व्याकरण अजून कपाटात आहे, अर्ध्या पानांना वाळवी लागली तरी मी टाकलेलं नाही. मूळ ग्रीकमध्येही ते क्रियापद चालू राहिलेल्या भूतकाळाचंच आहे. एका क्रियापदावर सगळी शिकवण टांगू नये हे मला कळतं. पण जिन्यात एकदा तोंडातून निघालेलं वाक्य आणि आयुष्यभर धरून ठेवलेली भूमिका, यांत फरक आहे एवढं तरी ते दाखवतं.

संत ऑगस्टिनने या वचनावर एक अख्खं प्रवचन खर्ची घातलं. त्याचा निष्कर्ष असा की हे पाप म्हणजे मरेपर्यंत न वळणारं मन. कॅथलिकांच्या १९९२च्या धर्मशिक्षण ग्रंथात १८६४व्या परिच्छेदात हाच सूर आहे : देवाच्या दयेला सीमा नाही, पण जाणूनबुजून पश्चात्ताप नाकारणारा क्षमाच नाकारतो. आम्ही प्रॉटेस्टंट, पण नीट सांगितलेलं घ्यायला काय हरकत आहे? पूर्वी गावाकडे मनीऑर्डर यायची. घेणाऱ्याने सही करायला नकार दिला की पोस्टमन पैसे परत नेई. पाठवणाऱ्याने पाठवले नाहीत, असं कोणी म्हणत नसे.

आणि निंदेचं म्हणशील तर प्रेषित पौल स्वतःबद्दल आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, लिहितो की मी पूर्वी निंदक होतो, छळ करणारा होतो, तरी माझ्यावर दया झाली. येशूचा शिष्य पेत्र याने कोंबडा आरवायच्या आत तीनदा 'मी त्याला ओळखत नाही' म्हटलं, तेही शपथा वाहून. पुढे मंडळीची, म्हणजे चर्चची, धुरा त्याच्याच खांद्यावर आली. इ.स. २५०मध्ये रोमन बादशहा डेशियसच्या छळात शेकडो ख्रिस्ती माणसांनी जीव वाचवायला मूर्तींपुढे धूप जाळला. छळ ओसरल्यावर त्यांना परत घ्यायचं की नाही यावर मोठं भांडण झालं. रोममधला एक पाळक नोव्हेशियन म्हणाला, कधीच नाही. मंडळीने त्याचं ऐकलं नाही. प्रायश्चित्त घेऊन आलेल्यांना दार उघडलं.

आता एक माझी गोष्ट, जी मी यजमानांनाही लग्नानंतर दहा वर्षांनी सांगितली. मी १३ वर्षांची होते, नगरकडे एका बोर्डिंगात. बाहेरगावचे एक उपदेशक आले आणि त्यांनी संध्याकाळी याच वचनावर आम्हां मुलींना घाम फोडला. असं बोलाल तर संपलात! रात्री गोधडीत मला तेच वाक्य बोलावंसं वाटू लागलं. जितकं दाबावं तितकं वर येई. शेवटी मी ते ओठांतल्या ओठांत बोलले. तीन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी भाकरी थापणाऱ्या मावशीने मला चुलीपाशी बसवून सगळं काढून घेतलं. तिला अक्षरओळख नव्हती. ती तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "हिरीत पडलेलं मानूस बोंबलतं. बुडालं का गप होतं. तू बोंबलतीस ना? मंग जेव."

पुढे मी या वचनावरची पुष्कळ भाष्यं वाचली. त्या बाईच्या पुढे फारसं कोणी गेलेलं मला दिसलं नाही. ज्याने खरंच आत्म्याकडे पाठ फिरवली तो चार महिने प्रभुभोजनासाठी झुरत नाही, आणि ठाण्यातल्या एका म्हाताऱ्या मास्तरणीला पत्रही लिहीत नाही.

तरी शब्द येतच राहतात, त्याचं काय? सतराव्या शतकात इंग्लंडात जॉन बन्यन नावाचा भांडी दुरुस्त करणारा माणूस होता, पुढे तो मोठा उपदेशक झाला. त्याच्या डोक्यात दिवसरात्र एकच आवाज चाले, 'विक त्याला, विक त्याला', म्हणजे ख्रिस्ताला. तो 'नाही, नाही' म्हणत राही. एक दिवस थकून मनातच म्हणून गेला, जायचं तर जाऊ दे. मग दोनेक वर्षं त्याला वाटत राहिलं की आपण कायमचे गेलो. हे सगळं त्यानेच १६६६ साली तुरुंगात असताना लिहिलंय. मला ते वाचताना गोधडीतली मीच आठवते.

नको असलेला विचार पुन्हापुन्हा येणं, त्याला दाबायला माणसाने प्रार्थना मोजणं, घोकणं, माघार घेणं, याला आपल्याकडे मंत्रचळ म्हणतात. हा आजार आहे आणि त्याला औषध आहे, बोलून करायचे उपचारही आहेत. ते पाप नाही, भूतबाधा तर नाहीच नाही. तुला तो आहेच असं मी पत्रावरून म्हणणार नाही, तो माझा अधिकार नव्हे. पण मनोविकारतज्ज्ञाला एकदा दाखव. आमच्या ठाण्याचं नाव घेतलं की उभा महाराष्ट्र वेड्यांच्या इस्पितळाचा विनोद करतो. तो विनोद ऐकून कित्येक माणसं डॉक्टरकडे गेली नसतील, याचा मला राग येतो. बाहेर पडवत नसेल तर सरकारच्या टेली-मानस सेवेला १४४१६ वर फोन कर, त्याला पैसे लागत नाहीत. आणि 'औषध घेणं म्हणजे विश्वास कमी' असं सांगणारा भेटला, तर त्याला चष्मा लागलाय का ते बघ.

जिन्यात बोललास त्याचं काय? ते देवाला पुन्हा सांग, न सजवता. स्तोत्रकर्ते याहून कडू बोललेत. ८८वं स्तोत्र काढ, ते अंधारातच संपतं. तरीही पवित्र शास्त्रातून ते कोणी काढून टाकलेलं नाही.

राहिलं प्रभुभोजन. करिंथकरांच्या पहिल्या पत्रातलं ते भीतीदायक वचन तुला पाठ असणार, 'अयोग्य प्रकारे' खाण्याबद्दलचं. त्याच्या पुढचंच वाच. माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग त्या भाकरीतून खावं, असं पौल म्हणतो. परीक्षा करून घरी जावं, असं नाही म्हणत. तुझी परीक्षा चार महिने चाललीय. ह्या रविवारी भाकर पुढे येईल तेव्हा ते शब्द डोक्यात येतीलही. येऊ देत. तू हात पुढे कर. मावशीने मला सांगितलं तेच तुला सांगते : मंग जेव.

प्रश्न : वडिलांची कळव्यातली खोली मी २००९ साली धाकट्या भावाला न सांगता एकट्याच्या नावावर करून घेतली. मागच्या वर्षी उपवास-प्रार्थनेत देवाने मला क्षमा केल्याची खात्री झाली. भाऊ मात्र दारातही उभं करत नाही. त्याला ख्रिस्ती क्षमेबद्दल कोणती वचनं सांगावीत? – एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : त्याला एकही सांगू नका. वचनं तुमच्यासाठी देते. लूक १९ : जक्कय नावाच्या जकातदाराच्या घरी प्रभू गेला, तेव्हा जक्कय उभा राहून म्हणाला, कुणाचं लुबाडलं असेल तर चौपट परत देतो. मत्तय ५, वचनं २३ आणि २४ : अर्पण वेदीपाशीच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर. तुम्हाला चौपट जमणार नाही, कळव्यातल्या खोल्यांचे भाव मला ठाऊक आहेत. पण अर्धी ही त्याचीच आहे. एखाद्या वकिलाकडून कागद करून घ्या, मुद्रांक शुल्काचा खर्च तुमच्या खिशातून करा आणि नोंदणी झाली की कागद भावाच्या हातात द्या. त्याने तो घेऊनही दार लावून घेतलं, तर मला पुन्हा लिहा.