सात वेळा लोनवर गेलेला ख्रिस वूड इतकी वर्षं कुणाला दिसला कसा नाही?

तुमचे प्रश्न थोडक्यात असे. नॉटिंगहॅम फॉरेस्टच्या ख्रिस वूडने 2024-25 च्या प्रीमियर लीगमध्ये 20 गोल मारले, तेही तेहतिशीत. सात वेळा लोनवर, म्हणजे ठरावीक काळासाठी दुसऱ्या क्लबकडे उसना, गेलेला हा गडी तोवर कुणाच्या नजरेत कसा भरला नाही? आणि तुमच्या क्लबचा विशीतला स्ट्रायकर आता तिसऱ्यांदा लोनवर चाललाय, तर त्याच्यावर पाणी सोडायचं का?

पहिल्याचं उत्तर: नजरेत भरला होता, म्हणूनच तर दर काही महिन्यांनी कुणी ना कुणी त्याला मागून नेत होतं. लोनला पाठवणारा क्लब लागतो तसा मागणाराही लागतो. आपण सगळे पाठवणाऱ्याकडेच बघत बसतो.

वूड न्यूझीलंडचा. वेस्ट ब्रॉमविच अल्बियनने त्याला कोवळ्या वयात इंग्लंडला आणलं आणि 2009 मध्ये सतराव्या वर्षी प्रीमियर लीगमध्ये उतरवलं. 2010 च्या वर्ल्ड कपमध्ये इटलीविरुद्ध 1-1 अशी बरोबरी असताना तो बदली खेळाडू म्हणून आला. शेवटच्या मिनिटांत इटलीचा बचावपटू कानावारोला चकवून त्याने मारलेला फटका लांबच्या खांबाला जेमतेम चुकला. गतविजेत्यांना हरवायची संधी होती ती. आणि त्यानंतर काही महिन्यांतच हा पोरगा लोनवर बार्न्सलीत! वेस्ट ब्रॉम नुकताच वर चढून प्रीमियर लीगमध्ये आला होता, तिथे टिकायची मारामार. अशा वेळी अठरा वर्षांच्या मुलाला शिकवण्यासाठी सामने खर्ची घालायला कुठला मॅनेजर तयार होईल?

त्यानंतरची यादी: ब्रायटन, बर्मिंगहॅम, ब्रिस्टल सिटी, मिलवॉल. वाचून दया येते, पण दोन गोष्टी ध्यानात घ्या. एक म्हणजे, तेव्हा इंग्लंडच्या खालच्या लीगमध्ये ‘इमर्जन्सी लोन’ होतं. ट्रान्सफर विंडो, म्हणजे खेळाडूंच्या देवाणघेवाणीची ठरलेली मुदत, बंद असतानाही जास्तीत जास्त 93 दिवसांसाठी खेळाडू नेता यायचा. ही सोय 2016 मध्ये बंद झाली. त्या काळातल्या खेळाडूंच्या नावापुढे एकाच हंगामात दोन-दोन क्लब दिसतात त्याचं हे एक मोठं कारण, लायकीचा प्रश्न नंतरचा. दुसरी म्हणजे, त्या मुक्कामांत त्याने काय केलं ते पाहा. ब्रायटनबरोबर लीग वन, म्हणजे इंग्लंडची तिसऱ्या पायरीची लीग, जिंकली. बर्मिंगहॅमकडून युरोपा लीगमध्ये क्लब ब्रुजच्या मैदानावर, भरपाई वेळेच्या दहाव्या मिनिटाला विजयी गोल केला. मिलवॉलकडून लीगच्या 19 सामन्यांत 11 गोल.

आता गंमत बघा. 2012-13 मध्ये वेस्ट ब्रॉमने आपला वूड मिलवॉलला दिला आणि स्वतः चेल्सीकडून लोनवर कोण आणला? रोमेलू लुकाकू. त्याने त्या हंगामात लीगमध्ये 17 गोल केले. म्हणजे एकाच क्लबच्या एका दारातून एक स्ट्रायकर बाहेर, दुसऱ्या दारातून दुसरा आत, दोघेही लोनचेच. लुकाकूला कुणी ‘गरीब बिचारा’ म्हणालं नाही. जानेवारी 2013 मध्ये लेस्टरने वूडला विकतच घेतलं.

लेस्टरमध्ये मात्र खरंच गाडी अडली. नुजंट आणि वार्डी पुढे, वूड बेंचवर. 2014 मध्ये संघ प्रीमियर लीगमध्ये चढला, पण 2015 च्या सुरुवातीला हा पुन्हा लोनवर, इप्सविचला. त्या उन्हाळ्यात तो लीड्सला गेला आणि पुढच्याच हंगामात लेस्टर चॅम्पियन! नशीब म्हणायचं, दुसरं काय. पण लीड्समध्ये तो रोज खेळला, आणि 2016-17 मध्ये 27 गोलांसह चॅम्पियनशिपचा, म्हणजे प्रीमियर लीगच्या खालच्या लीगचा, सर्वाधिक गोल करणारा ठरला. मग बर्नलीकडून प्रीमियर लीगचे सलग चार हंगाम दोन आकडी गोल: 10, 10, 14, 12. ‘दिसला नाही’ म्हणता तो हाच काळ. बर्नलीचे सामने आपल्याकडे रात्री जागून कोण बघत होतं?

जानेवारी 2022 मध्ये रेलिगेशनच्या (खालच्या लीगमध्ये घसरण्याच्या) छायेतल्या न्यूकॅसलने त्याचा रिलीज क्लॉज, म्हणजे करारात ठरलेली सोडवणुकीची रक्कम, भरला, सुमारे अडीच कोटी पौंड. उरलेल्या हंगामात त्याने लीगमध्ये फक्त 2 गोल केले, त्यावरून टिंगलही झाली. पण न्यूकॅसल अकराव्या स्थानावर पोचलं आणि स्ट्रायकर गमावलेलं बर्नली खाली गेलं. मग न्यूकॅसलमध्ये इसाक हा नवा स्ट्रायकर आला आणि वूडची जागा गेली. जानेवारी 2023, सातवं लोन, फॉरेस्ट.

हे सातवं लोन पहिल्या सहांसारखं नव्हतं. कागदावर लोन, पण अटी पूर्ण झाल्या की विकत घेणं बंधनकारक. थोडक्यात हप्त्यावरची खरेदी. तरी नियम लोनचेच लागू. प्रीमियर लीगमध्ये लोनवरचा खेळाडू मूळ क्लबविरुद्ध उतरू शकत नाही, म्हणून मार्च 2023 मध्ये न्यूकॅसल फॉरेस्टच्या घरी आलं तेव्हा वूड बाहेर. इसाकने दोन गोल मारून सामना नेला. त्याच वर्षी 26 डिसेंबरला, आता फॉरेस्टचा कायमचा खेळाडू म्हणून, वूड न्यूकॅसलच्या मैदानावर गेला आणि हॅटट्रिक केली. फॉरेस्ट 3-1 ने जिंकलं. पहिला गोल फॉरेस्टचा विंगर एलांगाने बाजूने दिलेल्या पासवर, अगदी त्याच्या हक्काच्या जागी.

तो पहिल्यापासून त्याच जागेचा खेळाडू आहे. चेंडू घेऊन चार जणांना चकवत जाणं त्याचं काम नाही. बॉक्समध्ये बचावपटूच्या पाठीमागून सरकायचं, एका टचमध्ये किंवा डोक्याने संपवायचं. बाजूने चेंडू येत असेल तर गोल, नसेल तर नव्वद मिनिटं धावूनही नाव निघत नाही. मॅनेजर नूनोच्या फॉरेस्टमध्ये एलांगा, हडसन-ओडोई आणि गिब्ज-व्हाइट त्याला चेंडू पुरवत होते, मग 20 गोल झाले. लोनवरच्या स्ट्रायकरला पाच-सहा महिन्यांत नव्या विंगरांची सवय करून घ्यावी लागते. मिडफिल्डरला हे एवढं जाचत नाही.

आता तुमच्या क्लबच्या त्या पोराबद्दल. लोन किती झाली ते मोजू नका. प्रत्येक लोनमध्ये सुरुवातीच्या अकरात किती वेळा होता ते काढा. पंधरा-वीस सामने सुरुवातीपासून खेळला असेल आणि आता वरच्या लीगमधला क्लब नेत असेल तर काळजीचं कारण नाही. आदल्या लोनचाच क्लब पुन्हा मागत असेल तर तेही चांगलंच. मूळ क्लबने जाण्याआधी करार वाढवून दिलाय का हेही बघा. वाढवला असेल तर त्यांना तो परत हवाय, किंवा निदान फुकट जाऊ द्यायचा नाहीये. करार संपायला एक वर्ष उरलंय, वाढवलेला नाही आणि नवा क्लब खालच्या लीगमधला, असं असेल तर तो मूळ क्लबच्या जर्सीत पुन्हा दिसण्याची शक्यता कमी. पण तेवढ्यावरून त्याचं फुटबॉल संपत नाही. वूडचंही वेस्ट ब्रॉममध्ये कधी बस्तान बसलं नाही.