पहिल्या सहीच्या आधी

"मॅडम, लग्नाआधीच वाटण्या करून ठेवणाऱ्या घरात मी जाऊ का?"

फोंड्याच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत खुर्चीवर टेकता टेकताच तिने हे विचारलं. साखरपुडा होऊन महिना झाला होता. सिव्हिल रजिस्ट्रारच्या कार्यालयातली पहिली सही, म्हणजे लग्न करण्याचा इरादा नोंदवण्याची सही, पंधरा दिवसांवर आली होती आणि मुलाच्या काकांनी वकिलाकडून तयार करून आणलेला मसुदा तिच्या हातात ठेवला होता. लग्नानंतर दोघांची मालमत्ता पूर्णपणे वेगळी राहील, एवढाच त्याचा अर्थ. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

करार मागितला म्हणजे विश्वास नाही का? लग्नाच्या हंगामात हा प्रश्न माझ्याकडे येतोच. गोव्याबाहेरच्या वाचकांना इथली रीत आधी सांगायला हवी. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता गोव्यात १८७० पासून लागू आहे. लग्नाआधी काही लिहून ठेवलं नाही, तर नवरा-बायकोचं सगळं एकत्र धरलं जातं. लग्नाआधीचं, वारशाने आलेलं, नंतर कमावलेलं, थोडे अपवाद सोडले तर सगळंच, आणि त्यात प्रत्येकाचा अर्धा वाटा. म्हणजे 'आम्हांला असले करार नकोत' म्हणणाऱ्या जोडप्यासाठीही कायद्याने करार लिहून ठेवलेला असतो, त्यांनी तो वाचलेला नसतो इतकंच. वेगळं काही ठरवायचं तर लग्नाआधी स्पेशल नोटरीपुढे, म्हणजे असे दस्त करून देणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यापुढे, दस्त करावा लागतो. लग्न लागल्यावर तो बदलता येत नाही.

मी तिला एकटीलाच भेटले. नेमकं काय लागलं, असं विचारल्यावर बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "कागद काकांनी दिला. तो बाजूला उभा राहून मोबाइल बघत होता." तिची आई बाहेर बाकावर बसली होती. "पोरीला उद्या हात हलवत परत पाठवायची तयारी आजच चाललीय," हे त्यांचं वाक्य दार बंद असूनही ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी तिचा होणारा नवरा आला. वडील आणि काकांची काजूची फॅक्टरी, तिच्यावर बँकेचं कर्ज. घरातल्या एका घटस्फोटानंतर इन्व्हेंटरीचा दावा, म्हणजे मालमत्तेच्या वाटणीचं प्रकरण, वर्षानुवर्षं चाललं होतं आणि काकांनी त्याची धास्ती घेतली होती. यातलं तिला काहीच माहीत नव्हतं. मग खालच्या आवाजात त्याने आणखी एक सांगितलं. फॅक्टरीच्या कर्जाला तो स्वतः जामीन होता.

"हे तिला कधी सांगणार होतास?"

"लग्न झाल्यावर. आधी सांगितलं तर आमच्या घराबद्दल काय वाटेल तिला?"

माझ्या मते खरा प्रश्न इथे होता. मसुद्यातली अट वाईट नव्हती. पण ती का घातली, हे तिच्यापासून दडवलं होतं. मी त्याला सांगितलं की पुढच्या बैठकीत हे तूच बोलायचंस, मी बोलणार नाही.

त्या बैठकीत दोघांना एकेक कोरा कागद दिला. नावावर काय आहे, देणं किती आहे, घरी दरमहा पैसे कुणाला देता, मूल झालं तर नोकरी कोण सोडणार. तिच्या कागदावर डिचोलीच्या आजीच्या घरातला वाटा, दागिने आणि आईला दरमहा दिले जाणारे पैसे. त्याच्या कागदावर पुण्यातला फ्लॅट, त्याचा हप्ता आणि शेवटच्या ओळीत जामिनकी. ती ओळ तिने वाचली आणि एवढंच विचारलं, "कधीची?" तीन वर्षांपूर्वीची होती. त्या दिवशी दोघं वेगवेगळ्या वेळी खोलीबाहेर पडली. हे लग्न मोडलं, असंच मला वाटलं. मला झोप लागली नाही.

आठवड्याने तिचा फोन आला. कायद्याचा सल्ला मी देत नाही, तो माझा अधिकार नाही. पण ज्या वकिलाची फी काकांनी भरली आहे त्याच्याकडे जाऊ नकोस, आपला स्वतःचा वकील बघ, हे मी आग्रहाने सांगितलं. त्या वकीलबाईंनी तिला दोन्ही टोकं उलगडून दाखवली. काहीच लिहिलं नाही तर आजीच्या घरातला तिचा वाटाही सामाईक होईल आणि नवऱ्याच्या देण्याची झळ सामाईक मालमत्तेला लागू शकेल. पूर्ण वेगळं ठेवलं आणि मुलासाठी नोकरी सोडली, तर तिने घर सांभाळलेल्या वर्षांत त्याने घेतलेलं सगळं त्याच्या एकट्याचं राहील. पुण्याचा फ्लॅट गोव्याच्या कायद्यात येत नाही, असा त्याचा समज होता. गोव्यात अधिवास असलेल्यांची भारतात इतरत्र असलेली मालमत्ताही गोव्याच्याच संहितेखाली येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये वारसाच्या एका खटल्यात सांगितलं आहे. संहितेत मधली वाटही आहे. लग्नाआधीचं ज्याचं त्याचं, लग्नानंतर कमावलेलं दोघांचं. त्यांनी तीच धरली.

कोल्हापूर-पुण्याहून फोन येतात, आम्हीही असा दस्त करू का म्हणून. तिथे हिंदू विवाह कायद्यात, १९५५ च्या, अशी सोयच नाही, आणि सार्वजनिक धोरणाविरुद्धचा करार १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २३ नुसार रद्दबातल ठरतो. पोटगीचा हक्क सोडते असं मुलीकडून लिहून घेणाऱ्या कागदावर तर मुळीच विसंबू नका, आणि मुलींनो, त्यावर सही करू नका. दागिन्यांची आणि भेटींची यादी करा, फ्लॅट घ्याल तर कुणाच्या नावावर ते आधी बोला. कोऱ्या कागदावरचे ते चार प्रश्न मात्र कुठल्याही गावात विचारता येतात.

काका काही दिवस रुसले. फॅक्टरीतला वाटा वेगळाच राहतोय हे कळल्यावर नरमले. पहिली सही महिनाभर पुढे गेली.

नवा मसुदा मात्र तो स्वतः घेऊन तिच्या घरी गेला आणि तिच्या आईसमोर बसून एकेक कलम त्याने वाचून दाखवलं. आईंनी दोन प्रश्न विचारले. दुसऱ्याचं उत्तर त्याला देता आलं नाही, म्हणून ते विचारून येईपर्यंत दस्त आणखी आठवडाभर थांबला.