प्लेटिंग युनिट टाकताय? आधी रॅककडे बघा

भोसरीत प्लेटिंग (धातूच्या वस्तूंवर निकेल-क्रोमचा मुलामा) सुरू करणार असाल, तर ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटच्या, कोटेशनआधी रॅक, म्हणजे वस्तू टांगून टाकीत बुडवायची चौकट, कसा हाताळला जातो ते बघा. घाईत रॅक टाकीतून थेट धुवायला नेला, की जॉबला (मुलामा द्यायच्या वस्तूला) चिकटलेलं निकेल-क्रोमचं द्रावण पाण्यात जातं. पैसे मोजून घेतलेलं केमिकल आहे ते! टाकीवर आडवा बार लावा, रॅक दहा-पंधरा सेकंद निथळू द्या. धुण्यासाठी लागोपाठ दोन-तीन टाक्या ठेवा. ताजं पाणी शेवटच्या टाकीत सोडा आणि उलट पहिलीकडे येऊ द्या. पाणी खूपच कमी लागतं. क्रोमचं पाणी मात्र वेगळंच ठेवा. त्यातलं हेक्साव्हॅलंट क्रोमियम (क्रोमियमचं विषारी रूप) कॅन्सरकारक आहे, आधी त्याचं रिडक्शन, म्हणजे कमी घातक रूपात बदल, मगच बाकी प्रक्रिया. इथून सुटलेलं पाणी पवना-इंद्रायणीलाच मिळतं. आणि सायनाइड वापरणाऱ्या प्लेटिंग लाइनजवळ अ‍ॅसिड फिरकूही देऊ नका, दोन्ही मिसळले की विषारी वायू सुटतो.