मंगळवारच्या अपॉइंटमेंटआधी

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एकीनं विचारलंय, लग्नाला अकरा वर्षं झालीत, स्वतः एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या बायकोच्या व्हिसावर, मुलगी सात वर्षांची आणि इथेच जन्मलेली, मंगळवारी घटस्फोटासाठी पहिल्यांदाच फॅमिली लॉ अटर्नीकडे, म्हणजे कौटुंबिक खटल्यांच्या वकिलाकडे जायचंय, तर सोबत काय नेऊ आणि पुण्याहून आईला व्हिडिओ कॉलवर घेतलं तर चालेल का.

अगं, आईला नको घेऊस. तुझं आणि वकिलाचं बोलणं कायद्यानं गुप्त असतं, पण तिसरं माणूस ऐकत असेल तर ते संरक्षण जाऊ शकतं, मग ती सख्खी आई का असेना. रडू आलं की इंग्रजी सुचत नाही हे मला कळतं, त्यासाठी ऑफिसला आधीच इंटरप्रिटर मागून ठेव, आईला बाहेर आल्यावर फोन कर.

आता एक कागद घे आणि त्यावर नुसत्या तारखा लिही. लग्न कधी कुठे झालं, अमेरिकेत कधी आलात, न्यू जर्सीत कधीपासून आहात, मुलगी शाळेत कधीपासून, वेगळ्या खोलीत कधीपासून झोपता, हात उचलला असेल तर कधी कधी. मी ज्या बायकांसोबत गेलेय त्या सगळ्या सासूबाईंपासून सुरू करायच्या आणि मुद्द्यावर येईपर्यंत तास संपायचा, फी मात्र तासाचीच. इथे तारखांना वजन आहे, कारण न्यू जर्सीत घटस्फोटासाठी साधारण १२ महिने वास्तव्य लागतं, पटत नाही या कारणावर मागायचा तर ते निदान ६ महिने चाललेलं असावं लागतं, आणि मुलीच्या ताब्याचं कुठलं कोर्ट बघणार हे बहुतेक ती आधीचे ६ महिने कुठे राहिली त्यावरून ठरतं.

म्हणूनच "चार महिने आईकडे राहून येते" म्हणत मुलीला घेऊन परस्पर विमानात बसू नकोस, प्लीज. मुलं परस्पर परदेशी नेण्याबद्दलच्या १९८० च्या हेग करारात भारत नाही, त्यामुळे तिकडे नेलेलं मूल परत आणणं अवघड, आणि तुझं असं जाणंच तुझ्याविरुद्ध वापरलं जाऊ शकतं. आणि नवराच तिला घेऊन जाईल अशी भीती असेल तर ते सगळ्यात आधी सांग, स्टेट डिपार्टमेंटच्या पासपोर्ट अलर्टमध्ये मुलीचं नाव टाकता येतं, म्हणजे तिच्या अमेरिकन पासपोर्टसाठी कोणी अर्ज केला तर तुला कळवतात.

कागद म्हणजे तीन वर्षांचे टॅक्स रिटर्न, पेस्टब म्हणजे पगाराच्या स्लिपा, बँक आणि क्रेडिट कार्डाची स्टेटमेंट्स, मॉर्गेज, फोर-ओ-वन-के म्हणजे नोकरीतली निवृत्तीची बचत, कंपनीचे शेअर, तिघांचे पासपोर्ट, तुझी व्हिसाची कागदपत्रं. नवऱ्याचा ईमेल उघडून काही काढू नकोस, जॉइंट रिटर्न असेल तर आयआरएसकडून, म्हणजे इथल्या टॅक्स खात्याकडून, त्याची ट्रान्स्क्रिप्ट तुला स्वतःला मागवता येते. भारतातला फ्लॅट, एफडी, लॉकरमधलं सोनं, माहेरून आलेलं काय आणि सासरचं काय, सगळं लिही, आपल्या बाजूचं अडचणीचं असेल तेही, वकिलाला ते समोरच्याकडून कळलं तर तुझंच नुकसान.

व्हिसाबद्दल घाबरून गप्प बसू नकोस, नुसता अर्ज केल्यानं एच-फोर जात नाही, घटस्फोट पूर्ण झाला की जातं, त्यामुळे इमिग्रेशनचा वकील आत्ताच वेगळा गाठ.

लग्न पुण्यात हिंदू विवाह कायद्याखाली झालंय ना, मग इथली डिक्री, म्हणजे कोर्टाचा घटस्फोटाचा हुकूम, भारतात चालेल का हेही विचार. १९९१ च्या वाय. नरसिंह राव नावाच्या एका नवरा-बायकोच्या खटल्याच्या निकालात सुप्रीम कोर्टानं परदेशी डिक्री कधी मानायची याच्या अटी घातल्यात, दुसऱ्या बाजूची संमती असेल तर गोष्ट सोपी होते. इथल्या वकिलाला हे माहीत नसेल तर पुण्यातल्या वकिलाशीही बोल.

मारहाण होत असेल तर मंगळवारची वाट बघू नकोस, ९११ ला, म्हणजे पोलिसांना फोन लाव, न्यू जर्सीत १९८५ पासून मानवी ही संस्था आपल्याकडच्या बायकांसाठी आहे.

आणि हातात पैसा नाही म्हणून अपॉइंटमेंट रद्द करू नकोस. वकिलाला सरळ विचार की रिटेनर, म्हणजे आगाऊ भरायची रक्कम किती, ईमेलचेही पैसे लागतात का, आणि माझ्या वकिलाची फी नवऱ्यानं भरावी असा अर्ज कोर्टात करता येईल का, न्यू जर्सीत कोर्ट तसा आदेश देऊ शकतं.