पहाटे घाटावर जा आणि वेळ लिहून ठेवा

प्रश्न : आमचं गाव पंचगंगेकाठी, शिरोळ तालुक्यात. दर उन्हाळ्यात पाणी काळं पडतं, मासे मरतात. बचत गटातल्या बायकांनी दोनदा सह्यांचं निवेदन दिलं, पण अधिकारी येतात तोवर पाणी निवळलेलं असतं. काय करावं?

ताई, निवेदनात "नेहमी" असा शब्द असेल तर तो काढा. तारीख, वेळ, जागा लिहा. सांडपाण्यातला किंवा मळीतला सेंद्रिय माल कुजताना पाण्यातला प्राणवायू खातो. दिवसा शेवाळ थोडाफार प्राणवायू परत देतं, रात्री तेही थांबतं. म्हणून तो सगळ्यात कमी असतो पहाटे. मासे पृष्ठभागावर येऊन तोंडं उघडतात तेही तेव्हाच. सकाळी अकराला गाडीतून उतरणाऱ्याला हे दिसणार कसं? घाटावर पहाटे आधी बायकाच असतात. तेव्हा पाळी लावा, मोबाईलवर फोटो घ्या, वहीत वेळ टाका आणि त्याच क्षणी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कोल्हापूर कार्यालयाला फोन आणि ई-मेल करा.

तुम्ही भरून ठेवलेली बाटली संशय दाखवायला उपयोगी पडेल, पण कारवाईसाठी मंडळाच्या अधिकाऱ्याने १९७४ च्या जल कायद्यातल्या पद्धतीने घेतलेला नमुना लागतो. नमुना घेताना दोघी-तिघी तिथे उभ्या राहा. पोच घ्या. महिन्याभरात अहवाल मिळाला नाही तर माहितीच्या अधिकारात मागा, त्याला ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. तरीही हालचाल नसेल तर राष्ट्रीय हरित लवादाचं, म्हणजे पर्यावरणाचे दावे ऐकणाऱ्या न्यायपीठाचं, खंडपीठ पुण्यात आहे. तिथे जायची मुदत साधारण सहा महिने, म्हणून वहीतली पहिली तारीख फार मोलाची.

२०१२ मध्ये इचलकरंजीत दूषित पाण्यामुळे काविळीची साथ आली, माणसं दगावली. ती आठवण ज्या घरात आहे, तिथल्या बाईला हे काम समजावून सांगावं लागत नाही.

प्रश्न : गोठ्यात चार म्हशी आहेत. गॅस महाग, म्हणून चूल पेटतेच. धुरानं सासूबाईंचा खोकला थांबत नाही. बायोगॅस परवडेल का?

दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण आणि तेवढंच पाणी लागतं. चार म्हशींचं शेण पुरतं, चार-पाच माणसांचा स्वयंपाक होतो. बाहेर पडणारी स्लरी उसाला चांगली. शेणी थापायला मात्र कमी शेण उरेल. होळीला कोल्हापूरच्या पंचगंगा स्मशानभूमीला शेणी द्यायची आपली रीत आहे, त्यासाठी आठ दिवस आधीपासून थोडं शेण बाजूला काढत चला.

खर्चाआधी मी वेगळंच विचारेन : शेण रोज कालवणार कोण? पुष्कळ संयंत्रं बंद पडली ती बिघाडाने नव्हे, हे काम गुपचूप सुनेच्या अंगावर पडलं म्हणून. खड्डा खणण्याआधी घरात बसून पाळी ठरवा. नवऱ्याचं नाव त्यात असलंच पाहिजे.

प्रश्न : छतावर सोलर बसवायचंय, पण वीजजोडणी सासऱ्यांच्या नावावर आहे. अनुदान मला मिळेल का?

पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॅटला ३० हजार, २ ला ६० हजार आणि ३ किंवा जास्त किलोवॅटला ७८ हजार रुपये मिळतात, पण बिलावर ज्याचं नाव त्यालाच. सासरे राजी असतील तर त्यांच्या नावाने अर्ज करा, नाहीतर महावितरणकडे आधी नावबदल करून घ्या. त्याच फेरीत ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला, म्हणजे घराच्या नोंदीला, पतीबरोबर तुमचं नाव लावण्याचा अर्जही द्या. एक किलोवॅट उन्हाच्या दिवशी साधारण चार युनिट देतो. आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टचा हिशेब वेगळा धरा.

प्रश्न : सरपंच म्हणतात, महिलांची वेगळी ग्रामसभा घ्यायची गरज नाही.

गरज कायद्यानेच ठरवली आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ७ प्रमाणे नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा व्हायला हवी. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) लेखी मागा. सभा झाली की नदीचा आणि शाळेच्या छतावरच्या सोलरचा असे दोन ठराव वेगवेगळे मांडा, आणि इतिवृत्त वाचून घेतल्याशिवाय सही करू नका.