कस्टर्ड फुटतं, पातळ होतं, गुठळ्या होतात : तुमचे प्रश्न

प्रश्न : ताई, नाताळात आमच्या शेजारच्या आंटीने पुडिंगवर ओतायला पिवळाधमक पातळ कस्टर्ड सॉस दिला होता, पावडरचा नाही, अंड्याचा. चव अजून जिभेवर आहे म्हणून घरी करायला गेले. अर्धा लिटर दूध चांगलं खळखळून उकळलं, पाच अंड्यांचे बलक साखर घालून फेटले आणि सरळ त्या दुधात ओतले, मग मोठ्या गॅसवर ढवळत बसले. दहा मिनिटांत दुधात अंडा भुर्जी. नवरा म्हणाला पावाबरोबर खाऊन टाकूया. माझं चुकलं कुठे? (म्हापसा)

उत्तर : नवऱ्याचं काही चुकलं नाही, भुर्जीच झाली ती. तुमचं मात्र दोन ठिकाणी चुकलं आणि दोन्ही आचेच्याच चुका.

दूध आणि साखर घातलेला बलक साधारण 80 ते 83 अंशांवर दाट होतो, आणि 85च्या वर गेला की त्यातली प्रथिनं आवळून पाणी सोडतात, मग वर पाणी आणि खाली कण. म्हणजे हातात जेमतेम दोनचार अंश असतात, आणि तुम्ही तर उकळत्या दुधात बलक टाकलेत, त्या बिचाऱ्यांना सावरायला वेळच मिळाला नाही.

तर आता असं करा. दूध कडेला बारीक बुडबुडे येईपर्यंतच तापवा, उकळू नका. दुसऱ्या भांड्यात बलक आणि चारपाच मोठे चमचे साखर लगेच एकत्र फेटा. हे लगेच महत्त्वाचं आहे हं, साखर बलकावर तशीच टाकून फोन घ्यायला गेलात तर बलकाचे कडक दाणे होतात, माझे झालेत, म्हणून सांगते. मग गरम दूध डावभर डावभर, ढवळत ढवळत बलकात घाला. दूध बलकात, बलक दुधात नाही. सगळं एकजीव झालं की परत जाड बुडाच्या टोपात ओता आणि गॅस अगदी बारीक करून लाकडी उलथन्याने तळ आणि कोपरे खरवडत आठेक मिनिटं ढवळा. बुडबुडा दिसला की समजा उशीर झाला.

कधी काढायचं ते कळत नसेल तर उलथनं बाहेर काढून मागच्या बाजूवर बोटाने रेघ मारा. रेघ तशीच राहिली तर झालं, दोन्ही बाजूंनी मिटून आली तर आणखी थोडं. पातळ वाटलं तरी काढा, गार झाल्यावर दाट होतंच, तिथेच तर सगळे फसतात. काढल्याबरोबर गाळणीतून गार भांड्यात गाळायचं, कारण टोपाची धग आत शिजवत राहते. व्हॅनिला त्यानंतर घाला. मी थोडं जायफळही किसते, आमच्या फोंड्याच्या बाजूला बागायतीत मिळतंच की.

भीती वाटत असेल तर टोप थेट गॅसवर नको, खालच्या पातेल्यात पाणी नुसतं वाफाळू दे आणि वरच्या भांड्याचा तळ पाण्याला लागू देऊ नका. वेळ लागतो पण झोप लागते.

आणि कण दिसायला लागलेच तर घाबरू नका, टोप लगेच गार पाण्यात बसवा, जोरात फेटा, मग मिक्सरला फिरवून गाळा. थोडंसं फुटलेलं वाचतं, भुर्जी झालेलं नाही वाचत. उरलेले पांढरे फेकू नका, काजूचे मॅकरून करा.

प्रश्न : मी कस्टर्ड पावडरमध्ये दोन बलक घालते, चव छान येते. पण रात्री घट्ट झालेलं कस्टर्ड सकाळी फ्रिजमध्ये एकदम पाणी! बलक घातले म्हणून उकळत नाही, ते बरोबर ना? (डिचोली)

उत्तर : नाही, आणि तुमचा दोष नाही, वरचं उत्तर वाचून कुणीही असंच करील! पावडर म्हणजे मुळात कॉर्नफ्लोअर, रंग आणि वास, अंडं नाहीच त्यात. 1837 साली बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड नावाच्या केमिस्टने ती काढली, कारण त्याच्या बायकोला अंडी चालत नव्हती. म्हणजे पावडरचं आणि अंड्याचं सुरुवातीपासूनच बिनसलेलं.

गंमत म्हणजे दोघांना आच उलटी लागते. नुसता बलक उकळला की फुटतो. कॉर्नफ्लोअर मात्र उकळल्याशिवाय नीट फुलत नाही आणि कच्चट पिठाळ लागतं. आणि दोन्ही एकत्र असले तर उकळायचंच, कारण बलकात अमायलेज नावाचं एक एन्झाइम असतं, ते स्टार्च तोडतं, कमी तापवलं तर ते जिवंत राहतं आणि रात्रभर फ्रिजमध्ये आपलं काम करत बसतं. ढवळत ढवळत एक मिनिट खळखळू द्या, स्टार्च असल्यामुळे बलक फुटत नाहीत. पावडर आधी गार दुधात कालवा, गरम दुधात कोरडी टाकलीत तर गुठळ्या हमखास. अर्ध्या लिटरला दोन सपाट मोठे चमचे पावडर, ओतता येईल एवढंच दाट होतं.

प्रश्न : श्रावणात अंडं नाही आणि घरात दूध न चालणारी सासू. नारळाच्या रसात होईल का? (काणकोण)

उत्तर : होईल की, रोस आपल्याकडे कशाला लागत नाही! दुसरा पातळ रस घेऊन त्यात कॉर्नफ्लोअर शिजवा, गूळ घालायचा असेल तर आधी वेगळ्या पाण्यात विरघळवून गाळून घ्या, खडेवाळू असते. पहिला दाट रस मात्र अगदी शेवटी, गॅस बंद करून, कारण तो खळखळला की तेल सुटतं. रंग पिवळा नाही येणार, चिमूटभर हळद घातलीत तर येईल पण मग सोलकढीचा भाऊ वाटेल, नका घालू.

प्रश्न : वर साय धरते, काय करू? आणि अननस घातला तर कडू का लागतं? (मडगाव)

उत्तर : कस्टर्ड गरम असतानाच बटर पेपर त्याला टेकवून झाका, भांड्यावर नाही, अगदी पृष्ठभागावर. कच्चा अननस दुधातली प्रथिनं तोडतो म्हणून कडवटपणा, आधी साखरेत शिजवून गार करून घाला. केळं, चिकू, मानकुराद आंबा काही करत नाहीत. अंड्याचं असेल तर आपल्या उकाड्यात दोन तासांच्या वर बाहेर ठेवू नका, फ्रिजमध्ये दोन दिवस, तिसऱ्या दिवशी वास घेत बसू नका, टाकून द्या.