गोल झालेला बोल्ट
बोल्टाचं डोकं गोल झालं म्हणतोस, १३ मिमीचा पाना लावलास ना? तिथंच घोळ झाला. जपानी धाटणीच्या गाड्यांत ८ मिमी जाडीच्या बोल्टाचं डोकं बहुतेक वेळा १२ मिमीचं असतं. १३ चा पाना बसतो खरा, पण कोपरे खाऊन टाकतो.

आता जोर लावू नकोस. बोल्टाच्या मुळाशी गंज सोडवणारा स्प्रे मार आणि रात्रभर तसंच राहू दे. सकाळी डोक्यावर हातोडीने सरळ, हलके पाच-सहा ठोके दे. मग सहा कोनी गोटी (डोक्यावर टोपीसारखा बसणारा सॉकेट पाना) लाव, बारा कोनी नको. आधी केसभर आवळ, मग सोड. ‘कट्’ करून सुटला तर उत्तम. पण रबरासारखा मऊ फिरायला लागला तर थांबच, तो पिळवटतोय. मी एकदा असा थांबलो नाही आणि अर्धा बोल्ट इंजिनात, अर्धा हातात!

डोकं पारच गेलं असेल तर कानशीने दोन समोरासमोरच्या बाजू सपाट कर, व्हाइस ग्रिप (जबडा लॉक होणारी पकड) घट्ट बसव. बोल्ट तापवायचा विचार आला तरी पेट्रोलच्या टाकीजवळ ज्योत अजिबात नको.

गोटी पुण्यातल्या बोहरी आळीतून (हार्डवेअरचा बाजार) नवी घे. जुन्या बाजारातली झिजलेली स्वस्त पडते, पण हेच परत होईल.